मास्क चढवला की जीव गुदमरतो, तर फायरमनचं प्रशिक्षण सोडावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निवड झाली, प्रशिक्षण सुरू झालं. बीए सेटच्या (पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क) पहिल्याच दिवशी मास्क तोंडावर बसला आणि चाळीसेक सेकंदांत छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, आणि काय होतंय ते कळायच्या आत मास्क ओढून काढला होता. लहानपणी खेळताना कपाटात अडकल्याची आठवण आहे. लिफ्टमध्ये मात्र कधी काही होत नाही. सहा आठवड्यांनी धुराच्या गॅलरीत, अंधाऱ्या बोगद्यातून रांगत जायची परीक्षा आहे. ही भीती जाते का, की आत्ताच राजीनामा द्यावा?

राजीनामा लिहू नका. निदान आत्ता तरी नको. बावीस वर्षं आगीच्या कामात गेली, त्यातली शेवटची नऊ नव्या पोरापोरींना श्वसनसंच, म्हणजे आमच्या बोलीत बीए सेट, शिकवण्यात. जवळजवळ प्रत्येक तुकडीत तुमच्यासारखं कोणीतरी निघतंच. काही जण पहिल्याच दिवशी सांगतात, बाकीचे लपवतात आणि गॅलरीत सापडतात.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. भीती वाटते ही तुमची अडचण नाही. तोंडावर रबर आवळून, काळोखात, अनोळखी खोलीत रांगत शिरायचं आणि काहीच वाटू नये अशी अपेक्षा कोणी करत नाही. ज्याला खरोखर काहीच वाटत नाही त्याच्याबरोबर आत जायला मला तरी आवडत नाही. तुमची अडचण आहे तो हात, मास्ककडे गेलेला. गॅलरीत शिकाऊ माणसाच्या मागे असतो तेव्हा मी त्याचे हात बघतो. थरथरता हात चालतो. घामाने हातमोज्यात घसरणारा चालतो. हनुवटीखाली पट्ट्याकडे जाणारा हात चालत नाही. खऱ्या धुरात मास्क उचलून घेतलेले दोन श्वास माणसाला आडवं करू शकतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने धरून बसतो. वर गरम धुराने घसा आणि श्वासनलिका भाजते ते वेगळंच. म्हणून सहा आठवड्यांत भीती शून्यावर आणायच्या मागे लागू नका. भीती चढलेली असताना हात खाली राहिला पाहिजे. हे शिकता येतं.

आता तुमची भीती नक्की कशाची आहे ते शोधा. बंद जागेची भीती असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या भीती गुंफलेल्या असतात हे रॅकमन आणि टेलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली मांडलं: एक गुदमरण्याची, दुसरी जखडलं जाण्याची, म्हणजे हात-पाय हलवता येणार नाहीत याची. आमच्या कामात मी तिसरी धरतो, वाट हरवण्याची. तुम्ही लिहिलंत की लिफ्टमध्ये काही होत नाही आणि मास्क बसताच होतं. मला यात जखडण्यापेक्षा गुदमरण्याचा वास जास्त येतो. पण माझ्या अंदाजावर जाऊ नका, घरीच बघा. पलंगाखाली किंवा बुटक्या टेबलाखाली उताणे सरका, तोंड मोकळं, खोलीत उजेड, कोणीतरी शेजारी बसलेलं. पाच मिनिटं पडून राहा. मग दुसऱ्या दिवशी मोकळ्या मैदानावर नुसता मास्क घालून बसा. दोन्हींपैकी काय जास्त झोंबलं? ज्याच्यात जास्त झोंबलं तिकडे पुढचे आठवडे जास्त वेळ द्यायचा.

माझ्याकडे एक मुलगी होती. अरुंद पाइपमधून सापासारखी सरकायची, पण मास्कच्या आतली ती नाकावर बसणारी रबरी वाटी लागली की बावरायची. मास्क एक नंबर लहान दिला गेला होता, एवढंच. वाटी नाकाचं हाड दाबत होती. मोठा मास्क दिला आणि अर्धी भीती तिथेच उतरली. म्हणून आधी मापाचा मास्क मागून घ्या. चष्मा असेल तर मास्कच्या आत बसणारी फ्रेम मिळते, ती मागा. दाढी ठेवू नका. मास्कची कड त्वचेला चिकटली नाही की हवा गळते, गळती ऐकू येते, आणि घाबरलेल्या माणसाला तो आवाज म्हणजे पुरावाच वाटतो.

आता हवेचा हिशोब, कारण गुदमरण्याच्या भीतीवर नुसत्या धीराच्या शब्दांपेक्षा आकडे जास्त चालतात. सर्रास वापरला जाणारा कार्बन फायबरचा सिलिंडर ६.८ लिटरचा असतो आणि ३०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरतात. गुणाकार केला की साधारण २,०४० लिटर हवा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो. मध्यम कामासाठी हिशोब ४० लिटरचा धरतात, म्हणजे सुमारे ५० मिनिटं. जिवाच्या आकांताने काम करताना, किंवा जिवाच्या आकांताने घाबरल्यावर, १०० लिटरपर्यंत जातं. तेव्हा तोच सिलिंडर वीस मिनिटांत आटोपतो. पण यात तुमच्या उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. डिमांड व्हॉल्व्ह, म्हणजे मास्कला जोडलेली, श्वास ओढला की हवा सोडणारी झडप, मिनिटाला ३०० लिटरहून जास्त हवा द्यायला बनवलेला असतो. म्हणजे तुम्ही कितीही धापा टाकल्यात तरी ओढाल त्यापेक्षा जास्त हवा दारात उभी असते. सिलिंडरमध्ये हवा आहे आणि सेट नीट तपासलेला आहे तोवर धाप लागून मास्कमधली हवा कमी पडत नाही. शिवाय मास्कच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो. कड जराशी उचकली तर हवा आतून बाहेर जाते, धूर बाहेरून आत येत नाही.

मग गुदमरल्यासारखं का वाटतं? कारण तुम्ही कमी श्वास घेत नाही, जास्त घेता. भराभरा श्वास टाकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली येतो. त्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, आणि गंमत म्हणजे हवा पुरत नाही असंच वाटतं. रक्तात प्राणवायू भरपूर असताना! मग माणूस आणखी जोरात ओढतो आणि भोवरा वाढत जातो. तुमच्या त्या चाळीस सेकंदांतल्या मुंग्या याच होत्या.

त्यातून एक सापळा असा आहे जो कोणी नव्या माणसाला सांगत नाही, आणि मला वाटतं तुमचं तिथेच बिनसलं. मास्क चढवल्यावर पहिली तपासणी काय असते? हवेचं तोंड तळव्याने बंद करायचं, श्वास आत ओढायचा, मास्क चेहऱ्याला चिकटून बसतो का ते बघायचं आणि काही सेकंद तसंच थांबायचं. जरा विचार करा, गुदमरायला घाबरणाऱ्या माणसाला आम्ही पहिल्याच मिनिटाला काय करायला लावतो? तोंडावर रबर चिकटवून हवा बंद करायला. त्याचा मेंदू तिथेच शिक्का मारतो: मास्क म्हणजे गुदमरणं. नंतर डिमांड व्हॉल्व्ह लावला, हवा फसफसून आली, तरी तो शिक्का पुसला जात नाही. उपाय अगदी साधा आहे. ही तपासणी छाती रिकामी करून करू नका, अर्धा श्वास आत असताना करा. आणि मनात म्हणा, ‘हात माझा आहे.’ तळवा उचलला की हवा आली. दहा वेळा करा. तळवा ठेवा, चिकटू द्या, उचला. ठेवा, चिकटू द्या, उचला. सातव्या-आठव्या वेळेपर्यंत बऱ्याच जणांचे खांदे खाली आलेले मी बघितलेत.

डिमांड व्हॉल्व्ह जोडल्यावरचा पहिला श्वासही आधी समजून घ्या. बऱ्याच सेटमध्ये तो जरा झटक्याने, ठसक्यात ओढावा लागतो, तेव्हा आत ‘टक्’ असा आवाज येतो आणि हवा चालू होते. घाबरलेला माणूस इथे नेमका चोरटा, अर्धवट श्वास घेतो, टक् होत नाही, आणि त्याला वाटतं सेट बंद आहे. पहिला श्वास निर्लज्जपणे मोठा घ्या.

श्वासाचं तंत्र विचारलं की लोक घ्या-धरा-सोडा असलं काहीतरी सांगतात. बीए सेटमध्ये श्वास धरून ठेवायच्या भानगडीत पडू नका. हवा वाचवायला म्हणून जे श्वास अडवतात त्यांना थोड्या वेळाने हवेची जास्तच भूक लागते. लक्ष बाहेर सोडण्यावर द्या. चार आकडे आत, सहा-सात आकडे बाहेर. अंगात काम असेल, जिना चढत असाल, तर आकडे जमणार नाहीत. मग बाहेर सोडताना ओठ मिटून ‘म्म्म्’ असा गुणगुणल्यासारखा आवाज काढा. त्याने श्वास आपोआप लांबतो आणि कानालाही धरायला काहीतरी मिळतं. मास्कमध्ये एरवी स्वतःच्याच श्वासाचा खस्स-फस्स एवढा मोठा ऐकू येतो की कोणी दुसराच धापा टाकतोय असं वाटतं. गुणगुणताना लाजू नका, मी अजून करतो.

आता सरावाकडे. याची पद्धत जुनी आहे. घाबरवणारी गोष्ट पायऱ्यांमध्ये तोडायची आणि एकेक पायरी चढायची हे वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने १९५८ साली नीट मांडून दाखवलं. भीती ० ते १०० मध्ये मोजायची सवयही त्याचीच. ती सवय लावून घ्या, कारण ‘लई भ्या वाटलं’ याच्याशी कालची तुलना करता येत नाही, ‘७०’ शी करता येते.

पहिला आठवडा फक्त मास्कचा. इन्स्ट्रक्टरकडून मास्क मागून घ्या, डिमांड व्हॉल्व्ह न जोडलेला, म्हणजे पुढचं तोंड उघडं आणि श्वास मोकळा. दिवसा, उघड्यावर. दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. आणि नुसतं बसू नका, कंटाळवाणी कामं करा. बूट पॉलिश करा, होज (पाणी मारायचा पाइप) गुंडाळा, दोरीच्या गाठी मारा, वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. मास्क हा आणीबाणीतला प्राणी न राहता टोपीसारखा होऊन गेला पाहिजे. एका पोराने आठवडाभर मास्क घालून शर्टाची बटणं शिवली. पहिल्या दिवशी सुई ओवायलाच वीस मिनिटं गेली, इतका हात थरथरत होता. शेवटच्या दिवशी मी हाक मारली तर मास्क घातलेला आहे हे विसरून नाक खाजवायला गेला.

सुरू करण्याआधी प्रत्येक वेळी वहीत एक ओळ लिहा: काय होईल असं वाटतंय. ‘दोन मिनिटांत श्वास बंद होईल’, ‘चक्कर येऊन पडेन’, काय वाटेल ते. संपल्यावर खाली लिहा, प्रत्यक्षात काय झालं. भीती उतरली की नाही यापेक्षा ही दोन ओळींमधली तफावत जास्त काम करते. कधीकधी आकडा ६० च्या खाली येतच नाही, तरी पंधरा मिनिटं तुम्ही टिकलात आणि श्वास बंद झाला नाही, हे मेंदूच्या खात्यात जमा झालेलं असतं.

दुसरा आठवडा पूर्ण सेट पाठीवर, हवा चालू, चाल आणि जिना. दर काही मिनिटांनी सिलिंडरचा दाब दाखवणारा गेज बघून आकडा मोठ्याने सांगायचा. याच आठवड्यात उघड्यावर दोन गोष्टी मुद्दाम करून बघा. बायपासची, म्हणजे थेट हवा सोडणारी, कळ फिरवा आणि हवेचा झोत तोंडावर घ्या, म्हणजे हाताशी आणखी एक दार आहे हे हाताला कळेल. आणि सिलिंडर इतका उतरू द्या की शिटी वाजेल. ही शिटी साधारण ५५ बारच्या आसपास वाजते आणि पहिल्यांदा अंधारात ऐकली तर भल्याभल्यांचा धीर सुटतो, कारण तिचा अर्थ हवा संपली असा लावला जातो. ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ५५ बारला अजून ३७० लिटरच्या वर हवा असते. शांत राहिलात तर नऊ मिनिटं. शिटी वाजण्याआधी बाहेर येण्याचीच शिस्त ठेवायची, ती उशिराची घंटा आहे. पण ती ऐकत मैदानावर दोन चकरा मारलेल्या असल्या म्हणजे पुढे ती फक्त शिटी राहते.

तिसऱ्या आठवड्यात मास्कची काच झाका, म्हणजे काही दिसणार नाही. आधी बसून, मग जोडीदाराचा हात धरून चालत, मग टेबलांची रांग लावून खालून रांगत. टेबलांना बाजू उघड्या असतात म्हणून हा चांगला मधला टप्पा आहे. वाट हरवण्याची भीती इथे तोडायची, आणि ती तंत्राने तुटते. उजवा हात भिंतीला लावून शिरलात की ती भिंत सोडायची नाही. परतताना तोंड फिरवून डावा हात त्याच भिंतीला. पुढे चाचपताना हाताची मागची बाजू वापरा, कारण चालू वायरला लागली तर आखडणारी बोटं तिच्याभोवती मिटत नाहीत. होज हाताशी असेल तर कपलिंगचा, म्हणजे दोन होजच्या जोडाचा, कोणता भाग नोझलकडे आणि कोणता पंपाकडे हे हातमोज्यातून ओळखता आलं पाहिजे. काळोखात कामाला लागलेल्या डोक्याला घाबरायला सवड कमी मिळते.

चौथ्या आठवड्यात अरुंद जागा, पण आधी मास्कशिवाय आणि उजेडात. मग मास्क लावून. मग काच झाकून. शेवटचे दोन आठवडे गॅलरी, आधी धूर नसताना, मग सरावाचा धूर सोडून. हा क्रम काही वेदवाक्य नाही. एखाद्या दिवशी मागच्या पायरीवर जावं लागलं तर जा. जागा, वेळ, जोडीदार बदलत राहा, नाहीतर ‘याच गॅलरीत, याच माणसाबरोबर’ एवढंच शिकून बसाल.

आणि गुपचूप आधार सोडायला लागा. काही जण एक बोट पट्ट्याच्या बकलवर ठेवून सगळा सराव करतात, म्हणजे वेळ आली तर काढता येईल. बाहेरून शांत दिसतात. पण आतला हिशोब असा असतो की मी बकलमुळे वाचलो. बोट काढा.

अडकल्यावर काय करायचं, यावर जरा जास्त बोलतो, कारण मी स्वतः इथेच घाबरलो होतो.

माझ्या प्रशिक्षणात लाकडी बोगदा होता, मध्ये काटकोनात वळण, आणि वळणावर फट एवढी की सिलिंडरसकट माणूस जेमतेम जाईल. मी वळलो आणि पाठीवर काहीतरी धरून बसलं. नंतर कळलं, खांद्याच्या पट्ट्याचं लोंबतं टोक एका बोल्टात गेलं होतं. त्या क्षणी मात्र मला कोणीतरी वरून दाबतंय असंच वाटलं. मी पुढे जोर लावला. जितका जोर लावला तितका पट्टा आवळला. मास्कमध्ये ओरडलो, ते माझं मलाच ऐकू आलं. उजवा हात हनुवटीकडे निघाला होता, हे मला अजून आठवतं, हातमोज्याचं चामडं मास्कच्या कडेला लागलं तेवढ्यात मागून कोणीतरी माझी टाच धरली. ओढली नाही, नुसती दाबली. इन्स्ट्रक्टर होते. म्हणाले, ‘मागे ये. चार बोटं. फक्त चार बोटं मागे ये.’ मी चार बोटं मागे सरकलो आणि पट्टा सुटला.

घाबरलेलं शरीर पुढेच जोर लावतं, आणि अडकण सुटायची बहुधा मागे असते. म्हणून क्रम पाठ करा: थांबा, एक लांब श्वास बाहेर, चार बोटं मागे, अंग जमिनीला, मग काय लागलंय ते हाताने शोधा. वायरी असतील तर पोहल्यासारखा एक हात पुढून वर आणि मागे फिरवून त्या बाजूला सारायच्या. फट फारच अरुंद असेल तर एका खांद्याचा पट्टा सैल करून सिलिंडर बगलेकडे सरकवायचा. अगदीच वेळ आली तर हार्नेस काढून सेट पुढे ढकलायचा, पट्टा हातातून न सोडता. या सगळ्यात मास्क तोंडावरच राहतो. हे सेट उतरवणं-चढवणं मैदानावर डोळे झाकून इतक्यांदा करा की बकलं बोटांना पाठ होतील. माझी बकलं तेव्हा पाठ नव्हती आणि पट्ट्याची टोकं मी खोचलेली नव्हती. भीतीचा निम्मा दोष त्या लोंबत्या टोकाचा होता.

सरावात बाहेर पडायची मुभा आधीच ठरवून घ्या. एक खूण: तीन वेळा भिंतीवर थाप, की इन्स्ट्रक्टर येईल आणि झाकण उघडेल. अट एकच, बोगदा सोडायचा, मास्क नाही. बाहेर या, मास्क तसाच ठेवून बसा, श्वास लांबवा, आकडा ४० च्या आसपास आला की ठरलेल्या क्रमाने मास्क उतरवा. आणि त्याच दिवशी परत शिरा, एक मीटर का होईना. भीतीच्या टोकावर पळून तिथेच दिवस संपवला तर मेंदू शिकतो की पळाल्याने वाचलो.

काही गोष्टी करू नका. घरी तोंडावर ओला कपडा, प्लॅस्टिक असलं काही बांधून ‘सराव’ करू नका. एकट्याने पेटीत, टाकीत, चेंबरमध्ये उतरू नका. साध्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की जागा धोक्याची धरतात, आणि बंद टाकीत तो किती आहे हे नाकाला कळत नाही. आणि कोणी सिनियर ‘चल, तुझी भीती मोडतो’ म्हणून न विचारता गॅलरीत कोंडायला निघाला तर सरळ नाही म्हणा. माझ्या सुरुवातीच्या काळात हे होताना बघितलंय. ज्याला कोंडलं त्याने दुसऱ्या आठवड्यात प्रशिक्षण सोडलं, आणि कोंडणारे मात्र ‘त्याच्यात दमच नव्हता’ म्हणत राहिले. ठरवून, आपल्या संमतीने टिकून राहणं वेगळं आणि कोंडून घालणं वेगळं.

औषधाचं विचारलं नाहीत, पण बरेच जण मनात धरून असतात. परीक्षेआधी कोणाच्या सांगण्यावरून शांत करणारी गोळी घेऊ नका. झोप आणणाऱ्या गोळ्यांनी प्रतिक्रिया मंदावतात आणि शिकलेलंही नीट बसत नाही. हृदयाचे ठोके आवरणाऱ्या गोळ्या उष्णतेत, जड कामात वेगळाच घोळ करू शकतात. दुसऱ्या कारणासाठी डॉक्टरांनी काही चालू केलेलं असेल तर ते आपल्या मनाने बंदही करू नका, प्रशिक्षणाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला सांगा.

दोन आठवडे प्रामाणिकपणे करूनही मास्कचा आकडा ८० वरून हलत नसेल, किंवा कपाटाची ती आठवण रात्री झोपेत येत असेल, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. यात कमीपणा नाही आणि वेळही फार जात नाही. ठरावीक गोष्टीच्या भीतीवर तीन तासांपर्यंतच्या एकाच बैठकीत उपचार करण्याची पद्धत स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ ऑस्ट यांनी १९८९ साली मांडली, आणि पुढे बंद जागेच्या भीतीवरही ती वापरून बघितली. जाताना मास्क बरोबर न्या. सायकॉलॉजिस्टने बीए सेट कधी बघितलेला नसतो, आणि तुम्ही त्याला कितीही वर्णन करून सांगितलंत तरी मास्क हातात घेतल्यावर त्याला जे कळतं ते वेगळं.

आणि इन्स्ट्रक्टरला आजच सांगा. लपवून निभत नाही. कितीतरी देशांत ही गोष्ट भरतीच्या वेळीच तपासतात. ब्रिटनच्या भरतीत मास्क लावून बंदिस्त वाटेतून रांगत जायचं असतं, जाताना काच स्वच्छ, येताना झाकलेली. अमेरिकेतल्या सीपीएटी या शारीरिक चाचणीत आठ प्रकार १० मिनिटं २० सेकंदांत करायचे असतात, त्यातला एक अंधारा बोगदा, ६४ फूट लांब. नको झालं तर भिंतीवर किंवा छतावर थाप मारायची, बाहेर काढतात, पण चाचणी तिथेच संपते. तुमच्याकडे अजून सहा आठवडे आहेत. ‘मला गुदमरल्यासारखं होतं, मी मास्क ओढला, मला रोज पंधरा मिनिटं मास्क हवा’ एवढं सांगा. मी इन्स्ट्रक्टर म्हणून सांगतो, असं बोलणारा माझ्या यादीत वर जातो. तरीही सहा आठवड्यांनी, उपचार घेऊनही, हात हनुवटीकडे जातच असेल तर मीच तुम्हाला आत सोडणार नाही. तुमच्यामागून जो शोधायला येईल त्याचाही जीव त्या हातावर टांगलेला असतो. त्या वेळी कंट्रोल रूम, आग प्रतिबंधाची तपासणी अशी कामं कुठे मिळतात ते बघावं लागेल, आणि जिथे बीए सगळ्यांना सक्तीचं आहे तिथे तेही मिळणार नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं.

परीक्षेच्या दिवशी पट्ट्यांची टोकं खोचा, गेजचा आकडा मोठ्याने सांगा, पहिला श्वास मोठा घ्या. आणि आत शिरण्याआधी मागच्या जोडीदाराला सांगून ठेवा: मी थांबलो तर टाच धर, ओढू नकोस, नुसती दाब. मग मी चार बोटं मागे येईन.